नट्टापट्टा आणि नक्षत्रं

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. 'कॉसमॉस म्हणजे विश्व' असं शाळेत शिकून आली आणि संध्याकाळी माझ्या ड्रेसिंग टेबलाशी उभी राहून विचारते, "आई, मग कॉस्मेटिक्स म्हणजे विश्वातून आणलेल्या वस्तू का गं?" मी हसून वेळ मारून नेली, पण तेव्हापासून मलाच चैन नाही. आमच्या दारात कॉसमॉसची फुलंही आहेत. या तिघांचा खरंच काही संबंध आहे, की नुसती नावं कानाला सारखी लागतात? दुसरी शंका युनिव्हर्स आणि युनिव्हर्सिटी यांची. तिथे विश्वातलं सगळं शिकवतात म्हणून ते नाव पडलं का? आणि शेवटचं, युरोपातल्या सगळ्याच भाषांत विश्वाला कॉसमॉस नाहीतर युनिव्हर्सच म्हणतात का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : एका तिकिटावर तीन प्रश्न पाठवलेत, पण तिन्ही एकाच गाडीचे डबे आहेत, त्यामुळे तक्रार नाही.

आधी मुलीचा प्रश्न. तिने धागा बरोबर पकडलाय, फक्त उलट्या टोकाने. आपली सर्वसाधारण समजूत अशी असते, की कॉसमॉस हा मूळचा भारदस्त, आकाशातला शब्द. पुढे पावडर-लाली विकणाऱ्यांनी तो दुकानावर लावला आणि कुणा हौशी माळ्याने फुलाला दिला. प्रत्यक्षात घडलं ते उलट. आधी नट्टापट्टा आला, नक्षत्रं मागाहून आली.

ग्रीकांचा मूळ शब्द 'कोसमोस'. अर्थ : नीट लावलेली गोष्ट, मांडणी, शिस्त, आणि त्या शिस्तीमुळे येणारी शोभा. होमरच्या 'इलियड'मध्ये चौदाव्या सर्गात ट्रॉयच्या लढाईला मध्येच एक गमतीदार खंड पडतो. झ्यूस डोंगरावर बसून ट्रॉयकरांच्या बाजूने सूत्रं हलवतोय आणि त्याची बायको हेरा हिला तर ग्रीक जिंकायला हवेत. नवऱ्याचं लक्ष उडवायचं तर त्याला भुरळ घालून झोपवायला हवं. ती आपल्या खोलीत जाते, दार आतून लावून घेते. अंग स्वच्छ करते, सुगंधी तेल लावते, केस विंचरून वेण्या घालते. अथेनाने विणलेलं वस्त्र नेसून सोन्याच्या पिना लावते, शंभर गोंड्यांचा कमरपट्टा बांधते, कानांत तीन-तीन लोलकांची कर्णफुलं घालते. डोक्यावरून नवीकोरी ओढणी, पायांत चपला. हे सगळं अंगावर चढवून झालं, तेव्हा त्या अख्ख्या थाटाला कवी एकच शब्द वापरतो, कोसमोस. आकाशाचा तिथे काही संबंध नाही. लग्नघरातल्या आतल्या खोलीचं वर्णन वाटावं, असं ते आहे.

त्याच काव्यात हा शब्द दुसऱ्या वेषातही भेटतो. अ‍ॅगमेम्नॉन आणि त्याचा भाऊ मेनेलाओस यांना कवी लोकांना रांगेत लावणारे, सैन्याची मांडणी करणारे म्हणतो आणि तिथेही मूळ तेच. दागिन्यांचा आणि फौजेचा काय संबंध, असं वाटेल. पण मराठी माणसाला हे कोडं पडायचं कारण नाही. आपल्याकडे नवरी सजते आणि फौज सज्ज होते; दोन्ही शब्द एकाच 'सज्ज'चे. जी वस्तू जिथे हवी तिथे बसली, की ती एकाच वेळी कामालाही तयार होते आणि डोळ्यांनाही बरी दिसते. ग्रीकांनी एवढंच म्हटलं.

क्रीट बेटावर तर कोसमोस हा चक्क हुद्दा होता. गावाची घडी नीट ठेवणारा अधिकारी तो कोसमोस. तिथल्या ड्रेरोस या गावी इसवी सनापूर्वी सातव्या शतकात दगडावर कोरलेला एक कायदा सापडला आहे. एकदा कोसमोस झालेल्या माणसाने पुढची दहा वर्षं पुन्हा कोसमोस व्हायचं नाही, असा तो नियम. आपल्याकडे तो कुणाकुणाला लावावा, याची यादी वाचकांनी मनातल्या मनात करावी.

आता हा शब्द आरशासमोरून आकाशात कसा गेला? याचं श्रेय परंपरा पायथागोरसला देते. होय, तोच, काटकोन त्रिकोणवाला. सगळ्या सृष्टीला कोसमोस हे नाव प्रथम त्याने दिलं, असं नंतरच्या ग्रीक लेखकांनी लिहून ठेवलं आहे. ते त्याचं असो वा त्याच्या शिष्यांचं, इसवी सनापूर्वी ५००च्या आसपास हेराक्लायटसच्या लिखाणात हा शब्द सृष्टीच्या संदर्भात आलेला दिसतो. त्यामागचा विचार सरळ आहे. रात्री वर पाहिलं तर दिवे उधळल्यासारखे दिसतात. पण रोज पाहणाऱ्याच्या लक्षात येतं, की ही उधळण नाही. तारे ठरल्या वेळी उगवतात, ऋतू आपापल्या पाळीने येतात, चंद्र हिशेब चुकवत नाही. म्हणजे कुणीतरी घर लावल्यासारखं हे लावलेलं आहे. मग त्याला घर लावण्याचाच शब्द दिला. प्लेटोने तर आपल्या एका संवादात हे मुद्दाम स्पष्ट केलं आहे, की जाणते लोक या साऱ्याला 'मांडणी' म्हणतात, 'पसारा' म्हणत नाहीत.

कॉस्मेटिक हा शब्द त्याच कोसमोसवरून, 'सजवण्यासंबंधीचं' या जुन्या अर्थाने आलेला आहे. त्याने आकाशाची वारी केलीच नाही. तो पहिल्यापासून आरशापाशीच राहिला. फुलाची गोष्ट मात्र बरीच अलीकडची. हे झाड मूळचं मेक्सिकोचं. माद्रिदच्या राजोद्यानात त्याच्या बिया रुजल्या आणि १७९१ मध्ये कावानियेस या स्पॅनिश धर्मगुरू-वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला कॉसमॉस हे नाव दिलं. मोजून लावल्यासारख्या पाकळ्या पाहून त्याला हे सुचलं, असं सांगतात. पावसाळा सरताना पुण्याच्या टेकड्यांवर जे पिवळं-नारिंगी कॉसमॉस माजतं, ते पाहिलं तर मात्र हे शिस्तीचं नाव त्याला कुणी दिलं, असा प्रश्न पडतो.

या कुटुंबातला एक भाऊ तुमच्या स्वयंपाकघरातही आहे, तो सांगतो आणि पुढे जातो. कॉसमॉसच्या विरुद्ध केऑस, म्हणजे गोंधळ, असं आपण शिकतो. पण ग्रीक 'खाओस' म्हणजे मुळात गोंधळ नव्हे. जांभई दिल्यासारखं उघडं पडलेलं खिंडार, रिकामी पोकळी, असा त्याचा अर्थ. सतराव्या शतकात फान हेलमाँट या फ्लेमिश रसायनवेत्त्याला हवेसारख्या पदार्थांना एक नाव हवं होतं. त्याने या खाओसवरून एक छोटा शब्द घडवला, 'गॅस'. त्याच्या भाषेत 'ग'चा उच्चार 'ख'कडे झुकतो, म्हणून ते तितकंसं दूरचं नाही. तेव्हा ड्रेसिंग टेबलावर कॉसमॉस आणि ओट्यावर केऑस, अशी तुमच्या घराची वाटणी आहे. मुलीला हे आवडेल.

रोमन लोकांनी ग्रीकांचा शब्द उचलला नाही, कल्पना उचलली. त्यांच्याकडे 'मुंडुस' असा शब्द होता. विशेषण म्हणून त्याचा अर्थ स्वच्छ, टापटीप. नाम म्हणून बाईचा साजशृंगार. तोच त्यांनी जगालाही लावला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेलेल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात हे नोंदवलंय, की ग्रीकांनी सृष्टीला दागिन्याचं नाव दिलं आणि आम्हीही तिच्या निर्दोष देखणेपणावरूनच तिला मुंडुस म्हणतो. फ्रेंच 'मोंद', स्पॅनिश 'मुंदो', इटालियन 'मोंदो' ही सारी या मुंडुसची लेकरं. मजा अशी, की स्वच्छतेचा जुना अर्थ अजून कोपऱ्याकोपऱ्यात टिकून आहे. फ्रेंचमध्ये घाणेरड्या, किळसवाण्या गोष्टीला 'इमोंद' म्हणतात, म्हणजे अ-मुंडुस. स्पॅनिश बाई संत्र सोलते, त्या सोलण्याला 'मोंदार' म्हणते. संत्र्याची साल आणि सारं जग एकाच शब्दाच्या पोटातून निघालं, हे तिला सांगितलं तर ती सुरी खाली ठेवून आपल्याकडे पाहत राहील.

आता तुमची दुसरी शंका. लॅटिनमध्ये 'ऊनुस' म्हणजे एक आणि 'वेर्सुस' म्हणजे वळलेलं. दोन्ही मिळून 'उनिवेर्सुम', सगळं एकाकडे वळून एक झालेलं, थोडक्यात, अवघं. हा 'वेर्सुस' आपल्याला परका नाही. संस्कृतातला 'वृत्' धातू आणि तो सख्खे भाऊ. आपलं वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन हे त्याच घरातलं. पण उनिवेर्सुम हा तेव्हा केवळ आकाशाचा शब्द नव्हता. कुठल्याही समूहाला एकत्र धरून बोलायचं असेल, तर हे मूळ कामाला येई.

युनिव्हर्सिटीचं मूळ इथे आहे. मध्ययुगात 'उनिवेर्सितास' म्हणजे संघ, मंडळ, एका धंद्यातल्या सगळ्यांनी मिळून केलेली एकी. कारागिरांचा संघ असे, व्यापाऱ्यांचा असे, तसाच तो शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचाही झाला. पॅरिसला शिक्षकांनी एकी केली. इटलीत बोलोन्याला विद्यार्थ्यांनी केली आणि ती चांगलीच भक्कम होती. घरमालकांशी भाड्याची घासाघीस संघ करी आणि तासाला उशिरा येणाऱ्या शिक्षकाला दंडही भरावा लागे. तेव्हा विश्वातलं सगळं शिकवतात म्हणून युनिव्हर्सिटी, हा गोड गैरसमज आहे. तो एकट्या तुमचा नाही. हिंदीने 'विश्वविद्यालय' हा शब्द रूढ केला, तेव्हा त्यात युनिव्हर्स ऐकू आलंच असणार. मराठीने 'विद्यापीठ' म्हटलं आणि या भानगडीतून अंग काढून घेतलं.

या बाबतीत हंगेरियन लोकांची तर फारच पंचाईत आहे. 'एद्य' म्हणजे एक. त्यावरून 'एद्येतेम' म्हणजे युनिव्हर्सिटी. आणि विश्वाला ते म्हणतात 'विलागएद्येतेम'. 'विलाग' म्हणजे जग. शब्दशः लावायला गेलं तर 'जागतिक विद्यापीठ'! अर्थात एद्येतेमचा मूळ अर्थ 'समग्र' असा होता, त्यामुळे विश्वाला तो शोभतोच. पण बुडापेस्टच्या एखाद्या चौकस मुलीने आईला विचारायला हरकत नाही, की विश्वात प्रवेशपरीक्षा असते का.

तिसरी शंका सगळ्यांत मोठी, म्हणून जरा सावकाश घेऊ. सगळ्या युरोपात कॉसमॉस आणि युनिव्हर्स हे दोनच शब्द चालतात का? नाही. पुस्तकी भाषेत ते बहुतेक ठिकाणी समजतात, पण प्रत्येकाच्या घरात आपापला शब्दही आहे. आणि तो कुठून आणलाय, हे पाहण्यासारखं आहे. कारण विश्वासाठी आयता शब्द कुणाकडेच नव्हता. ज्याने त्याने घरातलीच एखादी वस्तू पुढे केली.

काहींनी उजेड पुढे केला. चेक भाषेत 'स्व्येत' म्हणजे जग आणि पोलिश 'श्व्यात' म्हणजेही जग. रशियनमध्ये 'स्व्येत' म्हणजे प्रकाश आणि जुन्या वळणाने बोलताना जगही. हा शब्द आपल्या 'श्वेत'चा भाऊबंद. आताच आलेलं हंगेरियन विलाग तसंच. त्याचा जुना अर्थ उजेड, आणि अजूनही 'विलागोश' म्हणजे लख्ख. रुमानियन भाषा लॅटिनची मुलगी असूनही तिने मुंडुस बाजूला ठेवला आणि 'लूमेन' म्हणजे प्रकाश या शब्दावरून जगाला 'लुमे' म्हटलं. जे उजेडात दिसतं ते जग, जे दिसत नाही त्याच्याशी आपल्याला काय करायचंय, असा हा व्यवहारी हिशेब. रुमानियनमध्ये लुमे म्हणजे माणसं, मंडळी असाही अर्थ होतो.

इथे मी तुम्हाला आपल्याच एका शब्दाकडे वळून पाहायला सांगेन. लोक. 'परलोक' म्हणताना लोक म्हणजे जग, आणि 'लोक काय म्हणतील' म्हणताना लोक म्हणजे माणसं. भाषाशास्त्रज्ञ या 'लोक'चं मूळही उजळलेल्या मोकळ्या जागेशी, प्रकाशाच्या धातूशी नेतात, आणि लॅटिन लूमेन त्याच धातूचा. म्हणजे उजेड, मग जग, मग जगातली माणसं हा प्रवास बुखारेस्टमध्ये झाला, तसाच आपल्याकडेही झाला. फ्रेंच लोकही 'सगळेजण' म्हणायचं असेल तेव्हा 'तू ल मोंद' म्हणतात. शब्दशः 'अख्खं जग'. दारात चार शेजारी जमले तरी 'सगळं जग जमलं होतं' म्हणणारी आजी आणि फ्रेंच माणूस यांच्यात फरक फक्त उच्चारांचा.

इंग्रजी 'वर्ल्ड' आणि जर्मन 'वेल्ट' यांनी माणसापासूनच सुरुवात केली. जुन्या रूपात त्यात दोन तुकडे आहेत. 'वेर' म्हणजे पुरुष, माणूस आणि दुसरा तुकडा वयाचा, काळाचा. माणसाचं युग, असा अर्थ. हा 'वेर' सिनेमातल्या वेअरवुल्फमध्ये, त्या माणूस-लांडग्यात, अजून जिवंत आहे. संस्कृत 'वीर' आणि तो एकाच मुळाचे. आपण अंतराळात जाणाऱ्याला अंतराळवीर म्हणतो, तेव्हा तिकडच्या वर्ल्डमधला वीर इकडे वेगळ्या वाटेने पुन्हा आकाशात चढतो.

रशियनांचा शब्द मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यात दोन सापळे आहेत. विश्व म्हणजे 'व्सेलेन्नाया'. रशियन माणसालाही वाटतं, की हा 'व्स्यो', म्हणजे सगळं, यावरून आला असावा. आणि मराठी कानाला तो थेट 'वसलेली' असा ऐकू येतो. पहिला तर्क चूक. दुसरा अर्थाने बरोबर आणि व्युत्पत्तीने चूक, असा चमत्कारिक प्रकार. सुरुवातीचा 'व' म्हणजे 'आत', आणि पुढचं मूळ वस्ती करण्याचं. 'सेलो' म्हणजे रशियन खेडं. तेव्हा व्सेलेन्नाया म्हणजे वसवलेली, पण आपल्या 'वसणे'शी त्याचं नातं नाही. नुसता योगायोग.

पण विश्वाला 'वसवलेली' का म्हणावं? कारण हा ग्रीक शब्दाचा घडलेला तर्जुमा आहे. ग्रीक 'ऑइकोस' म्हणजे घर. त्यावरून 'ऑइकूमेने', माणसांनी घरं करून राहिलेली भूमी. बायबलमध्ये तो 'सारं जग' या अर्थाने येतो. नवव्या शतकात स्लाव्ह लोकांसाठी ग्रीक धर्मग्रंथांची भाषांतरं होऊ लागली, तेव्हा त्याला तुकड्यागणिक प्रतिशब्द घडवला गेला. पुढे अर्थ पसरत पसरत निर्जन आकाशगंगांपर्यंत पोचला आणि आज जिथे चिटपाखरू नाही अशा अफाट पोकळीला रशियन खगोलशास्त्रज्ञ 'वसवलेली' म्हणतो. हसू येईल, पण आपणही वेगळं काय केलं? संस्कृत संसार म्हणजे जन्ममरणाचं अखंड वाहणारं चक्र. मराठीत मात्र तो दोन खोल्या, गॅसची शेगडी आणि डब्यांचा संच यांत मावतो. 'संसार थाटला' म्हणतो आपण. ग्रीक-रशियनांनी घराचं विश्व केलं, आपण विश्वाचं घर केलं.

(त्याच ऑइकोसवरून इकॉनॉमी आली, म्हणजे मूळ अर्थ घरखर्च सांभाळणं. अर्थमंत्र्यांपेक्षा गृहिणींचा त्या शब्दावर हक्क जुना आहे.)

रशियनमध्ये आणखी एक शब्द आहे, 'मीर'. अर्थ दोन, जग आणि शांतता. १९८६ ते २००१ या काळात पृथ्वीभोवती फिरलेल्या सोव्हिएत अंतराळस्थानकाचं हेच नाव होतं, आणि दोन्ही अर्थ त्याला शोभले. यावरून टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'चं खरं नाव 'युद्ध आणि जग' असं होतं, अशी एक आवई अधूनमधून उठते. १९१८च्या लिपिसुधारणेआधी या दोन अर्थांची स्पेलिंगं वेगळी होती आणि टॉलस्टॉयच्या शीर्षकात शांततेचं होतं. तेव्हा ती शंका मिटवून टाकू. रशियनमध्ये 'कोसमोस' हाही शब्द आहे, पण तो मुख्यतः अंतराळासाठी. म्हणून १९८४ मध्ये सोव्हिएत यानातून गेलेले राकेश शर्मा कॉस्मोनॉट ठरले. अमेरिकेच्या यानातून जाते तर अ‍ॅस्ट्रोनॉट झाले असते.

आता तुम्ही विचाराल, की जगाचे शब्द होते ना सगळ्यांकडे, मग विश्वासाठी वेगळे का घडवावे लागले? याचं कारण भाषेत नाही, खगोलशास्त्रात आहे. पृथ्वी मध्यभागी आणि तिच्याभोवती ताऱ्यांचा गोल, हे चित्र होतं तोवर जग आणि विश्व एकच. एक शब्द पुरे. गॅलिलिओने १६३२ मध्ये ज्या ग्रंथामुळे संकट ओढवून घेतलं, त्याच्या नावात 'मोंदो'च्या दोन महान रचना असं म्हटलंय. न्यूटनच्या १६८७च्या ग्रंथातला तिसरा भाग 'मुंडुस'च्या रचनेविषयी आहे. लाप्लासने १७९६ मध्ये सूर्यमालेवर लिहिलं, तेही 'मोंद'च्या रचनेविषयी. यांतलं कुठलंही 'जग' म्हणजे नुसती पृथ्वी नव्हे.

पण कोपर्निकसने पृथ्वीला मधल्या पाटावरून उठवून इतर ग्रहांच्या पंगतीत बसवलं होतं. हे जसजसं सर्वांच्या अंगवळणी पडलं, तसतसा 'जग' हा शब्द आकसत गेला. जगाचा नकाशा मागितला, तर आज दुकानदार पृथ्वीचाच नकाशा काढून देतो. कुणी नक्षत्रांचा देत नाही. मग उरलेल्या अफाट गोष्टीला काय म्हणायचं? बऱ्याच भाषांनी सोपा उपाय केला. जुन्या शब्दाला 'सगळं' हे ठिगळ जोडलं. जर्मन 'वेल्टआल', जग-सर्व. पोलिश शब्द लिहून दाखवतो, म्हणून पाहू नका. 'फ्शेखश्फ्यात', अर्थ सर्व-जग. चेक 'वेसमीर' आणि क्रोएशियन 'स्वेमीर' यांत तोच मीर, मागे 'सर्व' लागलेला. आइसलँडिकमध्ये 'आलहेमुर'. यातला 'हेमुर' म्हणजे जग, आणि तो इंग्रजी 'होम'चा नातलग, पुन्हा घरच. डच लोकांनी जग गाळून टाकलं आणि दोनदा सर्वच म्हटलं, 'हेलआल', म्हणजे अख्खं-सगळं. अल्बेनियनचा 'ग्यिथसी' म्हणजे सरळ 'सगळेपणा'. फिनिश शब्दाची लांबी पाहून दचकू नका, 'माइल्मनकाइक्केउस'. 'मा' म्हणजे जमीन, 'इल्मा' म्हणजे हवा, दोन्ही मिळून जग, आणि पुढे त्याचं अवघेपण. या सगळ्यांत आयरिश तेवढी वेगळ्या वाटेने गेली. तिचा शब्द 'क्रिन्न्य', म्हणजे गोलपणा.

याच सुमारास कॉसमॉसचंही नशीब पालटलं. तो शब्द पंडितांच्या कपाटात पडून होता, असं म्हटलं तरी चालेल. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने ताऱ्यांपासून शेवाळापर्यंत सगळं एका ग्रंथात मांडायचं ठरवलं आणि त्याला नाव दिलं 'कोसमोस'. पहिला खंड १८४५ मध्ये निघाला, पाचवा त्याच्या मृत्यूनंतर १८६२ मध्ये. हे नाव जरा भारी, थोडं नखरेल वाटेल, याची त्याला जाणीव होती. पण नखऱ्यातूनच जन्मलेल्या शब्दाला नखरेल म्हणून नाकारायचं तरी कसं?

आणि आता लिथुआनिया. बाल्टिक समुद्राकाठचा हा छोटासा देश. इथे विश्वाला 'विसता' म्हणतात आणि शेजारच्या लाटव्हियात 'विसुम्स'. दोन्ही 'विसस', म्हणजे सर्व, या मुळावरून. या विसची संस्कृतातली जुळी बहीण तुम्ही रोज वापरता. ती म्हणजे 'विश्व'. वेदांच्या भाषेत विश्व म्हणजे ब्रह्मांड नव्हे, सर्व. 'विश्वे देवाः' म्हणजे विश्वाचे देव नव्हेत, सगळे देव. पुढे 'सर्व' हा शब्द ते काम करू लागला आणि विश्व मोकळं होऊन आकाशाएवढं झालं. म्हणजे जर्मनांना, पोलिशांना ठिगळ लावून जे करावं लागलं, ते आपल्याकडे एका जुन्या शब्दाने जागच्या जागी बसून केलं. हल्ली विज्ञानलेखांत मल्टिव्हर्ससाठी 'बहुविश्व' असा शब्द दिसतो. वेदकाळच्या माणसाने तो वाचला तर विचारेल, "अनेक 'सगळं' म्हणजे काय हो?" लॅटिन जाणणाऱ्यालाही मल्टिव्हर्सबद्दल हाच प्रश्न पडतो, त्यामुळे आपण एकटे नाही.

राहता राहिले खुद्द ग्रीक. एवढा शब्द जगाला दिला, तर त्यांच्याकडे तरी विश्वाला कोसमोस म्हणत असतील? ते सहसा म्हणत नाहीत. आजच्या ग्रीकमध्ये विश्व म्हणजे 'सीम्बान', म्हणजे सगळं-एकत्र, तिथेही ठिगळच. कोसमोस आहे, उच्चार 'कोझमोस' असा झालाय आणि रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ जग, आणि त्याहून जास्त वेळा माणसं, गर्दी. संध्याकाळी अथेन्सच्या मेट्रोत चेंगरून उतरलेला माणूस घरी जाऊन सांगतो, आज फार कोझमोस होता. दिवाळीच्या तोंडावर सांगलीच्या एसटी स्टँडावर जो असतो, तोच.